म्हशी, गवत आणि जागतिक वारसा

राजस्थानात भरतपूरजवळ 'घना' नावाचे पाणथळ जंगल आहे. सरकारदरबारी त्याचे नाव केवलादेव राष्ट्रीय उद्यान. ज्या महादेवावरून हे नाव पडले त्याच्या देवळाजवळ एक शिलालेख आहे. त्यात तारीख, सन्माननीय पाहुणा, बंदुकांची संख्या आणि पाडलेल्या पक्ष्यांची संख्या असे रकाने आहेत. किराणा दुकानदाराने वही लिहावी इतका हा हिशेब चोख आहे. सर्वांत मोठा आकडा नोव्हेंबर १९३८ मधला. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो पाहुणे असताना एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले.

हा आकडा वाचून आजचा पर्यटक हळहळतो आणि दुर्बीण डोळ्याला लावतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र याच आकड्यात दुसरे काही दिसते. एका दिवशी चार हजार पक्षी मारता यावेत इतके पक्षी तिथे होते, आणि वर्षानुवर्षे होते. त्यांच्याबरोबर म्हशीही होत्या. राजाच्या बंदुका, गावकऱ्यांच्या म्हशी आणि सायबेरिया-मध्य आशियातून येणारी बदके यांचे त्या उथळ पाण्यात एक विचित्र सहजीवन होते. पुढे बंदुका गेल्या, ते उत्तमच झाले. मग म्हशीही घालवल्या गेल्या, आणि त्याची कथा वेगळी आहे. स्वातंत्र्योत्तर काळातल्या निसर्गसंरक्षणाचा इतिहास मी गेली काही वर्षे वाचतो आहे. आंतरराष्ट्रीय संरक्षण-कार्यक्रम म्हणजे नेमके काय, त्यांचे नेतृत्व कोण करतो आणि किंमत कोण मोजतो, हे समजून घ्यायला मला घन्याइतके चांगले उदाहरण मिळालेले नाही. एकोणतीस चौरस किलोमीटरची जागा, पण रामसर, युनेस्को, जागतिक आरोग्य संघटना, अमेरिकेचा गहू आणि मुंबईची एक जुनी संस्था, सगळे तिथे येऊन गेले.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. घना ही 'अस्पर्श निसर्गा'ची देणगी नव्हे. मुळात तो एक नैसर्गिक खोलगट भाग. अठराव्या शतकात राजा सूरजमलच्या काळात जवळच अजान बंधारा बांधला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी भरतपूर दरबाराने शिकारीसाठी बांध, पाट आणि दरवाजे घालून बंधाऱ्याचे पाणी या भागात खेळवले. म्हणजे पाणी माणसाने आणलेले, बाभळीही बऱ्याच माणसाने लावलेल्या, आणि गवत खायला गावची गुरे. स्वातंत्र्यानंतर आसपासच्या शेतकऱ्यांनी मागणी केली की ही दलदल आटवून जमीन आम्हाला कसायला द्या. भूकबळींच्या काळात ती मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. त्या वेळी डॉ. सलीम अलींनी थेट पंडित नेहरूंकडे शब्द टाकला आणि घना वाचला. १९५६ मध्ये ते पक्षी अभयारण्य झाले. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत शाबूत राहिला. लोकशाहीत अशा तडजोडी होतात.

सलीम अलींची संस्था म्हणजे मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, स्थापना १८८३. संस्थेकडे ज्ञान होते, पैसा नव्हता. पैसा आला तो अनपेक्षित दिशेने. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. हा विषाणू रशियातल्या एका विषाणूच्या नात्यातला निघाला. तो गोचिडांसह स्थलांतरित पक्ष्यांनी आणला असेल काय, अशी शंका आली. ती तपासायला जागतिक आरोग्य संघटनेने पक्ष्यांच्या पायात कडी अडकवण्याच्या कामाला मदत दिली आणि भरतपूर हे त्या कामाचे मोठे केंद्र बनले. पुढे याच कामात अमेरिकी लष्कराचा पैसा आला. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर संसदेच्या लोकलेखा समितीने परकीय सहकार्याच्या संशोधन प्रकल्पांची झडती घेतली, तेव्हा जैविक युद्धाच्या संशयाचे बोट पक्ष्यांच्या कड्यांकडेही गेले. सलीम अलींचे सहलेखक डिलन रिप्ली दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तचर खात्यात होते, ही गोष्टही त्या वेळी कामी आली. संशय फुगवलेला होता असे माझे मत आहे. पण पक्ष्याच्या पायातले कडे निव्वळ विज्ञानाचे नसते, हे त्या निमित्ताने देशाला कळले.

यानंतरचा पैसा तर आपल्या रेशनच्या रांगेतून आला. वाचकांपैकी ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकात लाल मिलोच्या भाकऱ्या गिळल्या असतील त्यांना 'पीएल-४८०' हे शब्द आठवत असतील. अमेरिकेकडून येणाऱ्या धान्याची किंमत भारत रुपयांत देई. ते रुपये भारतातच साठत आणि अमेरिकी सरकार ते इथल्याच कामांवर खर्च करी. अमेरिकेच्या मासे व वन्यजीव खात्यामार्फत अशा निधीतून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला मोठे प्रकल्प मिळाले. त्यांतला एक भरतपूरचा. १९८० ते १९९० अशी दहा वर्षे पाणी, गवत, मासे, कीटक, पक्षी आणि गुरे यांची नोंद ठेवायची. प्रमुख शास्त्रज्ञ होते डॉ. व्ही. एस. विजयन. एकाच पाणथळीचा इतका दीर्घ अभ्यास भारतात तेव्हा नवलाचाच होता.

अभ्यास सुरू झाला त्याच सुमारास वरच्या पातळीवर मोठ्या हालचाली होत होत्या. इराणमधल्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळींचा आंतरराष्ट्रीय करार झाला होता. या कराराच्या तिसऱ्या कलमात 'सुज्ञ वापर' असा शब्दप्रयोग आहे. पाणथळ कुंपण घालून राखायची नाही, शहाणपणाने वापरायची, हे त्या करारात पहिल्यापासून लिहिलेले आहे. १९८० मध्ये आययूसीएन, वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी मिळून 'जागतिक संरक्षण धोरण' प्रसिद्ध केले, आणि 'शाश्वत विकास' हा शब्द जगभर फिरू लागला. १ ऑक्टोबर १९८१ रोजी भारताची पहिली दोन रामसर स्थळे जाहीर झाली: ओडिशातले चिलिका सरोवर आणि भरतपूरचा घना.

पण दिल्लीत आणि जयपुरात जो कायदा चालत होता तो रामसरचा नव्हता. तो होता १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्यातली राष्ट्रीय उद्यानाची कल्पना अमेरिकेच्या यलोस्टोनच्या वंशातली. कलम ३५ सांगते की राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येणार नाहीत, गुरांना प्रवेशच नाही. अपवाद एकच: अधिकृत व्यक्ती वाहन म्हणून वापरत असेल असे जनावर. म्हणजे साहेब हत्तीवर बसून आत जाऊ शकतो, म्हैस चरायला जाऊ शकत नाही. १९८१-८२ मध्ये घन्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि हे कलम लागू झाले. अडीच हजारांच्या आसपास गुरेढोरे तिथे चरत असत. नोव्हेंबर १९८२ मध्ये दरवाजे बंद झाले. पर्यायी कुरणाची सोय नव्हती, नीट बोलणीही झाली नाहीत. गावकरी गुरे घेऊन आत घुसायला निघाले, पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसे मेली.

गुरे बाहेर काढावीत असे सलीम अलींचे आणि त्यांच्या संस्थेचेही मत होते, हे इथे स्पष्ट लिहायला हवे. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, आणि म्हणूनच ही बाब गुळमुळीत ठेवावीशी वाटत नाही. त्या पिढीच्या निसर्गप्रेमींना गाय-म्हैस ही पक्ष्यांच्या अन्नावरची भागीदार वाटे. पाहणी करण्याआधीच ते उत्तर ठरलेले होते.

पाहणीचे उत्तर वेगळे आले. बंदीनंतर दोन-तीन वर्षांतच उथळ पाण्यात पास्पालम नावाचे गवत माजले. हे गवत चिखलात मुळे रोवते आणि पाण्यावर सतरंजीसारखे पसरते. आजवर त्याला म्हशी खात होत्या. म्हैस पाण्यात डुंबता डुंबता गवत ओरबाडते, खुरांनी चिखल ढवळते, शेण टाकते, त्या शेणावर कीटक आणि मासे पोसतात. म्हशी गेल्या तशी सतरंजी घट्ट झाली. उघडे पाणी आक्रसले. बदकांना उतरायला जागा कमी पडू लागली, माशांच्या पिलांची वाढ खुंटली. सायबेरियन क्रौंच चिखलात चोच खुपसून लव्हाळ्यांचे कंद उकरून खातो, त्याच्याही वाटेत गवत आले. ज्या पक्ष्यांसाठी म्हशी हाकलल्या त्यांनाच बंदीचा फटका बसला. संस्थेने हे सारे आपल्याच अहवालात लिहिले आणि मर्यादित प्रमाणात म्हशी परत सोडण्याची गरज मांडली. अंतिम अहवाल १९९१ मध्ये आला. सलीम अली १९८७ मध्येच गेले होते. स्वतःच्या अध्यक्षांच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष एखादी संस्था छापते ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे, आणि या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाची तीच वाटते.

विज्ञानाने मत बदलले, पण कायदा बदलला नाही. कलम ३५ जिथे होते तिथेच राहिले. दरम्यान १९८५ मध्ये युनेस्कोने घन्याला जागतिक वारसा म्हणून गौरवले होते, त्यामुळे म्हशींना परत बोलावणे आता शोभेचेही नव्हते. १९९० मध्ये रामसरच्या 'माँत्रो नोंदवही'त, म्हणजे प्रकृती बिघडलेल्या स्थळांच्या यादीत, घन्याचे नाव गेले. प्रशासनाने मधला मार्ग काढला: गावकऱ्यांनी परवाना घेऊन आत यावे आणि गवत कापून डोक्यावरून न्यावे. जे काम म्हैस स्वतःच्या पायांनी फुकट करत होती ते आता बायकांच्या डोक्यावर आले.

चिलिकाची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहावी. तेही सरोवर १९९३ मध्ये माँत्रोच्या यादीत गेले. कारण वेगळे होते: गाळ साचून समुद्राकडचे तोंड बुजत चालले होते, पाणी गोडे होत होते, मासे घटत होते. पण चिलिका राष्ट्रीय उद्यान नव्हते. तिथे हजारो मच्छिमार कुटुंबे होती आणि ती काढण्याचा प्रश्नच नव्हता. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या चिलिका विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २००० मध्ये समुद्राला नवे तोंड उघडून दिले. खारे पाणी आत आले, मासळी वाढली, पाणवनस्पतींचा पसारा घटला. २००२ मध्ये चिलिकाचे नाव यादीतून निघाले आणि त्याला रामसरचा पुरस्कारही मिळाला. चिलिकाचे सगळे आलबेल आहे असे नाही, कोळंबीच्या बेकायदा घेऱ्यांवरून तिथे रक्त सांडलेले आहे. तरीही एकाच दिवशी सन्मान मिळालेल्या दोन पाणथळींपैकी जिथे माणसांची उपजीविका हिशेबात धरली गेली ती आधी सावरली, एवढे म्हणता येते.

घन्याला पुढे पाण्याचीच ओढ लागली. वरच्या अंगाला करौली जिल्ह्यात पांचना धरण झाले, गंभीर नदीचे पाणी अडले. २००४ च्या सुमारास धरणाखालच्या शेतकऱ्यांनी पक्ष्यांसाठी पाणी सोडायला कडाडून विरोध केला. १९८२ चा गोळीबार ज्यांना ठाऊक आहे त्यांना या विरोधाचे फारसे आश्चर्य वाटणार नाही. नंतर गोवर्धन नाल्यातून आणि चंबळच्या जलवाहिनीतून पाणी आणावे लागले. सायबेरियन क्रौंचाला मात्र उशीर झाला होता. १९६४-६५ च्या हिवाळ्यात या क्रौंचांची संख्या दोनशेच्या घरात होती. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. याला एकटे भरतपूर जबाबदार नाही. अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या वाटेवरची शिकार हे मोठे कारण होते, आणि म्हणूनच १९९३ मध्ये या एका पक्ष्यासाठी आंतरराष्ट्रीय समझोता झाला होता. त्याच वर्षी २९ डिसेंबरला जैवविविधतेचा जागतिक करार अमलात आला. त्याच्या पहिल्याच कलमात संरक्षणाबरोबर शाश्वत वापर आणि लाभांचे न्याय्य वाटप यांची सांगड घातलेली आहे.

भरतपूरची ही कथा मराठी वाचकाला दूरची वाटण्याचे कारण नाही. विजयन पुढे कोइमतूरच्या सलीम अली केंद्राचे संचालक झाले आणि २०१० मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटात सदस्य म्हणून बसले. ऑगस्ट २०११ मध्ये सादर झालेल्या त्या अहवालात निर्णय ग्रामसभांकडे न्यावेत असा आग्रह आहे. त्या आग्रहामागे गाडगीळांचे आयुष्यभराचे चिंतन आहे हे सर्वज्ञात आहे. त्यामागे भरतपूरच्या गवताचाही थोडा वाटा असावा असा माझा तर्क आहे. अहवाल बासनात गेला. जुलै २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राच्या वाट्याला चार आली: कोयना, चांदोली, राधानगरी आणि कासचे पठार.

कासवर गर्दी लोटली, आणि फुले वाचवायला वनखात्याने जाळीचे कुंपण घातले. माणसांबरोबर गुरेही बाहेर राहिली. काही हंगामांनंतर पठाराखालच्या गावांतले लोक म्हणू लागले की गवत माजले आहे, फुले दबली आहेत, पूर्वी गुरे चरत तेव्हा असे नव्हते. काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांना दुजोरा दिला, काहींनी पावसाच्या लहरीकडे बोट दाखवले. अखेर कुंपण काढले गेले.