देवीच्या नावाचा दवाखाना

‘हॉस्पिटल’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ पाहुणा. मध्ययुगीन युरोपातले हॉस्पिटल होतेही तसेच, निम्मी धर्मशाळा आणि निम्मे रुग्णालय. स्कॉटलंडमध्ये एडिंबराहून दक्षिणेकडे जाणाऱ्या वाटेवर, सूट्रा नावाच्या टेकडीवर, राजा चौथा माल्कम याने ११६४ च्या सुमारास असे एक हॉस्पिटल स्थापन केले. ऑगस्टिनियन पंथाचे धर्मगुरू ते चालवीत. वाटसरू, यात्रेकरू, गरीब रोगी तिथे आसरा घेत. त्या काळी अशा बऱ्याच ठिकाणी खाटांच्या दालनाला लागूनच प्रार्थनामंदिर असे; रोग्याला पडल्यापडल्या वेदी दिसावी, हा हेतू. १४६० च्या दशकात सूट्राचे उत्पन्न काढून एडिंबरातल्या नव्या संस्थेला दिले गेले आणि त्याचा ऱ्हास झाला. आज तिथे एक छोटी दगडी इमारत तेवढी उरली आहे.

रुग्णालयात देवाचे काय काम, असे विज्ञान शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना वाटणे साहजिक आहे. मलाही वाटत असे. पण आपल्याकडचेच एक उदाहरण पाहा.

गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. सरकारी रुग्णालय असूनही गोंड आदिवासी तिकडे फिरकत नसत. याला अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे होते. बंग दांपत्याने त्यांनाच कारण विचारले. उत्तरे साधी होती. एवढ्या मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. रोग्याजवळ घरच्यांना राहू देत नाहीत. आणि डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात. आम्ही तर पांढऱ्या कापडात प्रेत गुंडाळतो! (या शेवटच्या उत्तराचा विचार आपल्यापैकी कोणी कधी केला होता?)

मग चातगावजवळच्या शोधग्राममध्ये गोंडांच्या पाड्यासारखा दवाखाना उभा राहिला. सुट्यासुट्या झोपड्या, रोग्यासोबत नातेवाइकांनाही जागा. नाव ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’. दंतेश्वरी ही शेजारच्या बस्तरच्या राजघराण्याची कुलदेवता, आणि या जंगलपट्टीतल्या आदिवासींचीही देवी. तिचे देऊळही तिथे आहे.

देवळाने ताप उतरत नाही. फाल्सिपेरम मलेरियाचे निदान रक्ताच्या तपासणीनेच होते आणि तो औषधानेच बरा होतो. पण हाच मलेरिया एकदोन दिवसांच्या उशिरानेही मेंदूपर्यंत पोचू शकतो, आणि उशीर होतो तो बहुधा भीतीमुळे. सूट्राच्या काळात वैद्याच्या हाती फारसे काही नव्हते, त्यामुळे प्रार्थनेवर मोठा भार होता. इथे देवीकडे मला एकच काम दिसते: घाबरलेल्या माणसाला वेळेवर दारातून आत आणणे.

शोधग्राममध्ये दंतेश्वरीची जत्राही भरते. गावोगावचे आदिवासी येतात, पूजा होते आणि मग सगळे मिळून आपल्या गावांतल्या आजारांविषयी बोलतात. कोणत्या आजारावर आधी काम व्हावे, हे त्यांना विचारले तेव्हा त्यांनी नाव घेतले ते मलेरियाचे.