एलिचपूरची पलटण

एलिचपूरची पलटण : सध्याच्या ४ कुमाऊँ या पायदळ पलटणीचे मूळ. १७८८ मध्ये एलिचपूरचे (अचलपूर) नवाब सलाबतखान यांच्या फौजेत ती उभी राहिली. पुढे ती निजामाच्या हैदराबाद कंटिन्जंटमध्ये दाखल झाली. या फौजेची एक छावणी अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्यात होती. चांदूर बाजार तेथून जवळच. १९०५ पर्यंत हा भाग एलिचपूर जिल्ह्यातच मोडे.

फौज निजामाची, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा आणि पैसा वऱ्हाडचा, अशी ही व्यवस्था होती. फौजेचे पगार थकून निजामावर कर्ज चढले, त्यापोटी २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. किमान ५,००० पायदळ, २,००० घोडेस्वार आणि चार तोफखाने यांचा खर्च त्याच्या महसुलातून निघू लागला. चांदूर बाजारच्या काळ्या रानात कापूस पिकवणारा कुणबी पाटील-पटवाऱ्याकडे जो सारा भरी, त्यातून या फौजेचे पगार होत. शिपाई मात्र बहुतांशी बाहेरचे, मुख्यतः उत्तर हिंदुस्थानातले.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांच्या सुमारे १०,००० फौजेने ब्रह्मदेशातील मंडाले घेतले. तेथला थिबा राजा पकडला गेला. राजा गेला तरी गावोगावचा प्रतिकार थांबेना. मग हिंदुस्थानातून ज्यादा कुमक धाडणे भाग पडले, आणि तीत कंटिन्जंटच्या तुकड्याही गेल्या. निजामाच्या मुलखाच्या रक्षणासाठी पोसलेली फौज इरावतीकाठी लढवणे हा वऱ्हाडच्या रयतेवर उघड अन्याय होता. तिला कोणी विचारलेही नाही.

१९०२ च्या करारानुसार वऱ्हाड सालीना २५ लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने इंग्रजांकडे गेला. १९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदी लष्करात विलीन झाली व या पलटणीला ‘९८ वी इन्फंट्री’ हे नाव मिळाले.

पहिल्या महायुद्धात तिला जर्मन पूर्व आफ्रिकेत पाठवले. टांगा बंदरावर उतरलेली फौज सुमारे ८,००० होती, समोर जर्मन सेनापती फोन लेटो-फोरबेकचे जेमतेम हजारभर सैनिक. ४ नोव्हेंबर १९१४ रोजी गर्द झाडीतून पुढे सरकताना चवताळलेल्या मधमाश्यांची मोहोळे ९८ वीच्या जवानांवर तुटून पडली आणि रांगा विस्कटल्या. पराभवाचे खापर मात्र मधमाश्यांवर किंवा शिपायांवर फोडणे चुकीचे आहे. लांबच्या समुद्रप्रवासाने थकलेल्या पलटणींना शत्रूची नीट टेहळणी न करताच झाडीत घातले, हा दोष इंग्रज सेनापती एटकिनचा. दुसऱ्या दिवशी फौज परत जहाजांवर चढली. बंदुका आणि सहा लाख काडतुसे किनाऱ्यावरच राहिली.

१९२२ मध्ये पलटण ४/१९ हैदराबाद, म्हणजे १९ हैदराबाद रेजिमेंटची चौथी पलटण, झाली. ऑगस्ट १९३९ मध्ये सिंगापूरच्या संरक्षणासाठी हिंदुस्थानातून १२ वी ब्रिगेड गेली, तीत ती होती. पुढे लष्करप्रमुख झालेले थिमय्या तेव्हा याच पलटणीत होते. १९४० मध्ये एका हिंदी अधिकाऱ्याला परत पाठवल्यावरून तिच्या अहिर कंपनीने टायरसॉल पार्क छावणीत हुकूम मानायला नकार दिला. ७ जानेवारी १९४२ रोजी पहाटे मलायातील स्लिम नदीच्या आघाडीवर जपानी रणगाडे पहिल्यांदा घुसले ते याच पलटणीच्या ठाण्यांतून. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले.

ऑक्टोबर १९४५ मध्ये रेजिमेंटला कुमाऊँ हे नाव मिळाले. पहिले परमवीरचक्रधारी मेजर सोमनाथ शर्मा ४ कुमाऊँचेच. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी ते काश्मीरमधील बडगाम येथे धारातीर्थी पडले.