बाबासाहेबांनी ते भाषण कुठे संपवले?

फौजेत बोलणे संपवण्याची एक ठरलेली रीत आहे. हुकूम सांगून झाला, घड्याळे जुळवली, की विचारायचे, "कोई शक?" तिथून पुढे काम ऐकणाऱ्याचे. हल्ली मात्र शेवटच्या स्लाइडवर फुलांचा गुच्छ आणि 'धन्यवाद' दिसतो, आणि तोवर निम्मी मंडळी चहाकडे वळलेली असतात. आज एका मोठ्या भाषणाचा फक्त शेवट पाहू.

दिल्ली, २५ नोव्हेंबर १९४९. संविधान सभेतल्या अखेरच्या चर्चेला उत्तर द्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आधी हिशेब दिला. सभा भरल्याला २ वर्षे, ११ महिने आणि १७ दिवस झाले होते. मसुद्याला सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. बी. एन. राव आणि एस. एन. मुखर्जी यांना श्रेय दिले, टीकाकारांना उत्तरे दिली. मग ते म्हणाले की भाषण इथे संपवता आले असते, पण देशाच्या भवितव्याचे विचार मनात दाटले आहेत.

खरे भाषण इथून पुढे आहे. स्वातंत्र्य पुन्हा जाईल का, हा त्यांचा प्रश्न. दाखले इतिहासातले होते: सिंधचा दाहीर राजा, जयचंद, शिवाजी महाराज लढत असताना मोगलांच्या बाजूने उभे राहिलेले मराठा सरदार. सुभेदाराच्या या मुलाला किल्ले आतून कसे पडतात हे सांगावे लागत नव्हते. त्यावर त्यांनी तीन गोष्टी बजावल्या. मागण्यांसाठी सनदशीर मार्गच धरा. कितीही थोर माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नका, ती सामाजिक करा. २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता आणि समाजात विषमता, असे विसंगत जिणे सुरू होईल, हा इशारा इथलाच.

व्हिडिओंमध्ये भाषण बहुतेक इथेच कापलेले असते. वाक्य धारदार आहे, टाळ्या मिळतात. पण बाबासाहेब तिथे थांबले नाहीत, आणि माझ्या मते त्यांचे कसब इथेच दिसते. त्या इशाऱ्यावर सभा उठली असती, तर माणसे धास्ती घेऊन घरी गेली असती. ते पुढे बंधुतेवर बोलले, जाती राष्ट्राच्या आड येतात हे सांगितले. मग शेवटाकडे वळून एक पळवाट बंद केली: काही बिघडले की इंग्रजांना दोष देण्याची सोय आता उरली नाही, यापुढे दोष आपलाच. ज्या सभागृहातले कितीतरी जण इंग्रजांशी लढून तुरुंगात गेले होते, तिथे हे सांगायला धाडस लागते.

समारोपाला ना कविता, ना जयघोष. वाटेतले दोष वेळेवर ओळखू या, ते काढायला कचरू नका, देशसेवेचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही, एवढ्याच अर्थाचे बोलून ते थांबले. 'मी काय केले' याची उजळणी शेवटी नव्हती; तो हिशेब सुरुवातीलाच संपला होता.

दुसऱ्या दिवशी डॉ. राजेंद्रप्रसाद अध्यक्ष म्हणून बोलले आणि संविधान स्वीकृत झाले. पूर्ण अंमल सुरू व्हायला बरोबर दोन महिने उरले होते.