तिरळी नजर, सरळ विनोद
नाट्यचित्रसृष्टीचे इतिहास लिहिले जातात तेव्हा नायक-नायिकांना प्रकरणे मिळतात आणि विनोदी नटाला बहुधा एखादी ओळ. हा न्याय आम्हांस मान्य नाही. देवळापुढील दशावतारात संकासुर अवतरल्यावाचून जत्रेच्या रात्रीस रंग चढत नाही, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. न्यायालयातही साक्षीची किंमत साक्षीदाराच्या हुद्द्यावरून ठरत नसते. नटाच्या बाबतीत हाच दंडक लावला तर दामूअण्णा मालवणकरांची बाजू पुन्हा ऐकून घेणे अगत्याचे ठरते.

दामूअण्णा आमच्या सीमाभागातले. त्यांचा जन्म १८९३ साली निपाणीस झाला. याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर हे अण्णासाहेब किर्लोस्करांचे जन्मगाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत निपाणी-बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेली. परंतु रंगभूमीचा नकाशा अशा रेषांनी आखता येत नाही. कंग्राळीपासून मंगेशीपर्यंतच्या रसिकांची नाटकाची आवड एकच होती.

दामूअण्णांचा डोळा तिरळा होता. दुसऱ्या एखाद्याने असे व्यंग घेऊन रंगभूमीची वाट सोडली असती. त्यांनी तेच भांडवल केले. गडकऱ्यांच्या 'भावबंधन'मधील कामण्णा ही त्यांची गाजलेली भूमिका. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले, आणि दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत संगीत मंडळीने ते नाटक रंगभूमीवर आणले. कामण्णाच्या तिरळेपणावर नाटककाराने कोट्यांची खैरात केली आहे. तेथे नटाचे व्यंग आणि पात्राचे व्यंग एकरूप झाले.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. शारीरिक व्यंगाला हसणे हे सुसंस्कृत मनाचे लक्षण आहे काय? अमेरिकेच्या मूकपटांत बेन टर्पिन नावाचा असाच तिरळा विनोदी नट होऊन गेला. त्याच्या चित्रपटांत त्याचे डोळे हाच विनोदाचा मुख्य आधार असे. दामूअण्णा तेवढ्यावर थांबले असते तर त्यांनाही एक ओळच पुरेशी झाली असती.

ते थांबले नाहीत, हे मास्टर विनायकांच्या बोलपटांनी सिद्ध केले. 'ब्रह्मचारी' (१९३८) मध्ये ते होतेच; पुढच्याच वर्षी अत्र्यांनी लिहिलेल्या 'ब्रँडीची बाटली'त त्यांना प्रमुख भूमिका मिळाली. ब्रँडीच्या शोधात गावभर हिंडणारा भाबडा बगाराम त्यांनी साकारला. येथे हसू येते ते डोळ्याला नव्हे. एका सज्जनाला आयुष्यात प्रथमच दारूची चौकशी करावी लागते, त्या अवघडलेपणाला येते.

त्यानंतर १९४० साली 'लग्न पहावे करून' आला आणि दामूअण्णा चिमणराव झाले. विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. चिमणराव ही बडोद्याचे पाली भाषेचे पंडित चिं. वि. जोशी यांची निर्मिती. हा गरीब, भिडस्त, संसाराने गांजलेला मध्यमवर्गीय गृहस्थ तिरळा असण्याचे काही कारण नव्हते. तरी प्रेक्षकांनी त्यांना मनापासून स्वीकारले, कारण त्या चेहऱ्यात त्यांना आपल्याच घरचा कर्ता पुरुष दिसला. पुढे १९४२ च्या 'सरकारी पाहुणे'मध्येही हीच जोडी होती. कित्येक वर्षांनी दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी चिमणराव नव्याने उभा केला, तोही लोकांनी तितक्याच प्रेमाने पाहिला. चांगल्या पात्राला वारस मिळत राहतात, पण पडद्यावर पहिला देह दिला तो निपाणीच्या या नटाने.

कामण्णापासून चिमणरावापर्यंतचा हा प्रवास आम्हांस महत्त्वाचा वाटतो. आरंभी लोक नटाच्या व्यंगाला हसत होते. अखेरीस त्याच्यासमवेत स्वतःच्याच फजितीला हसू लागले. पहिल्या हसण्यात उपहास असतो, दुसऱ्यात करुणा. प्रेक्षकाला एका हसण्याकडून दुसऱ्याकडे नेणे हे लहान काम नव्हे.

दामूअण्णा १९७५ साली निवर्तले. त्यांच्या जन्मभूमीच्या परिसरात आजही जत्रेला नाटके होतात आणि विनोदी पात्राच्या प्रवेशाला टाळी पडते. त्या टाळीत या पूर्वसूरीचाही वाटा आहे, एवढे ऋण सीमाभागातील रसिकांनी तरी मान्य करावे.