युनिव्हर्सल आंट्स

सवड नसलेल्या किंवा परदेशी राहणाऱ्या कुटुंबांची किरकोळ कामे मोबदला घेऊन करून देणारी लंडनमधील संस्था. स्थापना १९२१. संस्थापिका गरट्रूड मॅक्लीन. या अविवाहित बाईंना भाचरे पुष्कळ. त्यांची ने-आण आणि खरेदी करता करता धंद्याची कल्पना सुचली, असे सांगितले जाते.

पार्श्वभूमी : १९२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पुरुषांपेक्षा स्त्रिया सुमारे १७ लाखांनी जास्त भरल्या. पहिल्या महायुद्धातील मनुष्यहानीशी याचा संबंध जोडतात. मात्र युद्धापूर्वीही स्त्रियांची संख्या जास्तच होती. सुस्थित घरांत वाढलेल्या, पण अर्थार्जनाचे शिक्षण नसलेल्या स्त्रियांना अशी कामे करण्यात कमीपणा वाटत नसे. बाई काम आटोपून आपल्या घरी परतत असल्याने मोलकरणीचा शिक्का बसत नसे. निष्कलंक घराण्यातील स्त्रिया, ही संस्थेच्या जाहिरातीतील ग्वाही ग्राहकांइतकीच उमेदवारांसाठीही असावी.

कामे : मुलांची देखभाल, तरुण मुलींना सोबत, घर सजवून देणे, वसाहतींतील लोकांसाठी खरेदी, माहिती शोधून देणे इत्यादी.

मुलांची ने-आण : संस्थेचे नाव झाले ते मुख्यतः यामुळे. लंडनमध्ये रेल्वेचे एकच मोठे स्थानक नाही. प्रत्येक दिशेचे स्थानक वेगळे. पश्चिमेकडून आलेला मुलगा पॅडिंग्टनला उतरे आणि दक्षिणेची गाडी सुटे व्हिक्टोरियाहून. मधल्या दोन-तीन तासांत त्याला ट्रंकेसह शहर ओलांडून द्यायचे, वाटेत दंतवैद्याकडे न्यायचे, खाऊपिऊ घालून गाडीत बसवायचे, एवढ्यासाठी आईने खेड्यातून यायचे की बाई पाठवायची, असा साधा हिशेब होता. आई मुंबई इलाख्यात असली तर हिशेबाचाही प्रश्न नसे. हिंदुस्थानातील इंग्रज अधिकारी मुलांना सहा-सात वर्षांची होताच शिक्षणासाठी मायदेशी धाडत. बोटीने प्रवासाला आठवडे लागत. सुटीत मुलांना आईबापांकडे येणे शक्य नसे.

या प्रथेचे सर्वांत बोलके उदाहरण संस्थेच्या अर्धशतक आधीचे आहे. मुंबईच्या कलाशाळेच्या (आजचे सर ज. जी. कलाविद्यालय) आवारात १८६५ मध्ये जन्मलेल्या लेखक रडयर्ड किपलिंगला १८७१ मध्ये बहिणीसह साउथसी येथे अनोळखी कुटुंबात पैसे भरून ठेवण्यात आले. तेथील पाचएक वर्षे त्याने छळाची म्हणून नोंदवली आहेत. पुढे एका कथेत त्या घरमालकिणीला त्याने ‘आंटी रोझा’ म्हटले. डिसेंबरचा महिना तो सख्ख्या मावशीकडे, जॉर्जियाना बर्न-जोन्स यांच्याकडे, लंडनला काढी, तेवढाच सुखाचा. भाड्याची मावशी आणि खरी मावशी हा फरक त्याच्याइतका कोणी भोगला नसेल.

नावाविषयी : ‘आंट’ला मराठीत एक प्रतिशब्द नाही. मावशी, आत्या, काकू, मामी या चौघींचे मान, हक्क आणि रुसवे निरनिराळे. तरीही भाषांतर करायचे झाल्यास ‘मावशी’च घ्यावी लागेल, ‘माय मरो, मावशी उरो’ म्हणणाऱ्या भाषेत दुसरी निवड नाही. शिवाय पोळ्या करायला येणाऱ्या, रुग्णालयात भांडे देणाऱ्या बाईला महाराष्ट्रात मावशीच म्हणतात. फरक असा, की येथे पगारी बाईला नाते चिकटवून जवळ केले जाते (आणि कधी पगारवाढ टाळली जाते). लंडनमध्ये नात्यालाच पाटी लावून दर ठरवला गेला. आत्या मात्र दोन्हीकडे पगारी झाली नाही.

पुढील काळ : स्थापनेनंतर शतक उलटले तरी संस्था दाया, घरव्यवस्थापिका आणि वृद्धांना सोबतिणी पुरवते.