वीतभर रणगाडा
जपानातील शिझुओका येथील तामिया ही पेढी मूळची लाकूडकापणीची. १९५१ साली आगीने तिची वखार भस्म केली. १९६० साली काढलेली ‘यामातो’ युद्धनौकेची प्लॅस्टिक प्रतिकृतीही तोट्यात गेली. तेव्हा संस्थापकांचे पुत्र शुनसाकू तामिया यांनी जर्मनांचा ‘पँथर’ रणगाडा निवडला. पोटात मोटार व बॅटऱ्या मावाव्यात, एवढा आकार धरला. मागाहून मोजता प्रमाण पस्तिसास एक भरले. जोडणी मात्र नवशिक्यासही साधेल अशी सुबोध ठेवली. पेढी तरली, आणि ते योगायोगाचे प्रमाण जगभर रूढ झाले. त्या हिशेबाने १ मिलिमीटर जाडीची कडी प्रत्यक्षात ३५ मिलिमीटरांची ठरते. म्हणूनच नवशिका ती कापून तेथे बारीक तार बसवितो. येथेच खेळणे संपून अभ्यासास आरंभ होतो.