पेरोव्हस्काइट सौरघट : कार्यक्षमतेचा आणि टिकाऊपणाचा इतिहास

पेरोव्हस्काइट हे खनिज १८३९ मध्ये उरल पर्वतातील नमुन्यात गुस्ताव रोझे यांना आढळले. त्याच स्फटिकरचनेच्या, शिसे व हॅलाइड असलेल्या संयुगाचा सौरघट २००९ मध्ये जपानमध्ये मियासाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती आणि द्रव माध्यमात तो काही मिनिटांतच निकामी होई. २०१२ मध्ये द्रवाच्या जागी घन थर आले व कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या आसपास पोहोचली. आता प्रयोगशाळेत ती २६ टक्क्यांपुढे आहे. सिलिकॉनला एवढ्या वाटचालीस अनेक दशके लागली.

टिकाऊपणा मात्र मागे राहिला. मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड ओलाव्याने विघटित होऊन पिवळे लेड आयोडाइड उरते. त्यावर फॉर्मामिडिनियम व सीझियम यांचा वापर, पृष्ठभागावरील दोष झाकणारे थर आणि हवाबंद आवरण हे उपाय पुढे आले. मुंबईच्या आयआयटीत सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा घट बसवून दोहोंची एकत्रित कार्यक्षमता २०२३ मध्ये २६ टक्क्यांवर नेण्यात आली.

हिंगोली जिल्ह्याच्या दृष्टीने खरा प्रश्न आयुर्मानाचा आहे. येथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा येते. ८५ अंश तापमान व ८५ टक्के आर्द्रतेतील प्रमाणित चाचणी १००० तासांची, म्हणजे पुरते बेचाळीस दिवसही नव्हे. सिलिकॉन पॅनेलची हमी सामान्यतः २५ वर्षांची असते. शिवाय सौर कृषिपंपाचे पॅनेल शेतातच उभे असते. गारपिटीत काच फुटल्यास पाण्यात अल्प प्रमाणात विरघळणारे शिसे वसमतच्या हळदीच्या मातीत उतरू शकते.